शेवटची ओळ कोठे गेली?

पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीकडे असते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. समजा, दर तासाची पातळी तुम्ही संगणकातील फाइलमध्ये एकेका ओळीत लिहिली आणि शेल स्क्रिप्टला सांगितले : एकेक ओळ वाच, 43 किंवा अधिक आकडा दिसताच सूचना दे.

आता गंमत पाहा. एंटर कळ दाबली की ओळ संपल्याची अदृश्य खूण उमटते. शेवटच्या ओळीनंतर ती राहून गेली, तर ‘रीड’ ही आज्ञा ओळ वाचते खरी, पण ‘फाइल संपली’ असेही कळवते. फेरा तेथेच थांबतो व ती ओळ तपासलीच जात नाही. आणि शेवटची ओळ म्हणजे तर सर्वांत ताजी पातळी! ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ आज्ञाही याच खुणा मोजते. तिचाही आकडा एकाने कमी! उत्तरे जुळतात, पण दोन्ही चूक.

व्हर्नियर वापरण्यापूर्वी आपण त्याची शून्य-त्रुटी पाहतो. माझ्या मते स्क्रिप्टचेही तसेच करावे. पाच ओळींची फाइल घ्या, धोक्याचा आकडा शेवटी एंटरविना लिहा, उत्तर आधी स्वतः काढा. मगच संगणकाला विचारा.