हॉटेलचं पर्यावरणप्रेम ट्रॉलीपर्यंत पोहोचतं का?

हॉटेलच्या खोलीत एक छोटं कार्ड असतं: 'टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा.' 1986 साली अमेरिकेतल्या जे वेस्टरव्हेल्ड यांनी अशाच कार्डांबद्दल लिहिताना 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द वापरला. त्यांचा आक्षेप साधा होता. धुलाईचा खर्च हॉटेलचा वाचतो आणि नाव मात्र निसर्गाचं होतं.

माझा मामेभाऊ मुंबईत एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. ते कार्ड खोलीत तोच ठेवतो. पाहुण्याने टॉवेल हुकला लावून ठेवला, तरी तो नवाच टॉवेल देतो. तक्रार आली तर बोलणी त्यालाच बसतात ना! ओला-सुका कचरा वेगळा करायचा हुकूम आहे, पण ट्रॉलीला पिशवी एकच. मध्यंतरी हॉटेलने समुद्रकिनारा साफ करायचा कार्यक्रम घेतला. त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावलं, टी-शर्ट दिला, फोटो काढला. बदली सुट्टी काही मिळाली नाही. तो मला म्हणाला, "भाई, पर्यावरण साहेबांचं. आपलं काम खोल्या करणं."

हा त्याचा आळस नाही. विश्वास उडाला की माणूस असंच बोलतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांत पर्यावरणही येतं. मात्र फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. ही अट योग्यच आहे, नाहीतर कंपन्यांनी कॅन्टीनचं बिलही समाजसेवेत दाखवलं असतं. पण त्यामुळे एक गंमत होते: बाहेर लावलेलं झाड अहवालात येतं, ट्रॉलीवरची दुसरी पिशवी येत नाही.

खरं तर हॉटेलचं पाणी आणि वीज वाचते ती याच लोकांच्या हातून. गळका नळ आधी त्यांनाच दिसतो. रिकाम्या खोलीतला एसी तेच बंद करतात. बुफेतलं किती अन्न फेकलं गेलं, हे भांडी घासणाऱ्याला मॅनेजरपेक्षा जास्त माहीत असतं. ही कामं कुणी बघत नसताना करायची असतात. मालक मनापासून करतोय असं वाटलं, तरच कर्मचारी ती मनापासून करतो. त्यासाठी दोन पिशव्या द्या, खोलीसाठी पुरेसा वेळ द्या, नळाची तक्रार केली तर तो दुरुस्त करा. वाचलेल्या पैशांतला थोडा वाटा त्यांनाही द्या.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले कितीतरी जण किचनमध्ये, बेकरीत, रिसेप्शनवर काम करतात. काही जण हॉटेल मॅनेजमेंट शिकतायत. संविधानाच्या कलम 51क ने निसर्गरक्षणाचं कर्तव्य प्रत्येक नागरिकाला दिलंय, फक्त साहेबांना नाही. तेव्हा आपल्या वाट्याचं करू या आणि त्यासाठी लागणारं साधन हक्काने मागू या.

भावाला मी एवढंच सांगितलं: "दुसरी पिशवी माग. लेखी माग." त्याने अर्ज दिलाय. उत्तराची वाट बघतोय.