पगार अडवून काय साधणार?

अर्थसंकल्प वेळेवर मंजूर झाला नाही तर आमदार-खासदारांचा पगार बंद करा, असा ठराव गेल्या काही बैठकांत दोन-तीन तालुक्यांतून आला. टाळ्या भरपूर पडल्या. पडणारच. कापसाचा चुकारा महिना-महिना लांबला तरी आपल्याला कोणी व्याज देत नाही, सोसायटीचे व्याज मात्र रात्रीसुद्धा झोपत नाही. मग काम न करणाऱ्या पुढाऱ्याचाच चुकारा वेळेवर का, असे कुणाच्याही मनात येईल. ठराव मांडणाऱ्यांचा राग खरा आहे. औषध मात्र भलतेच आहे. जिल्हा बैठकीत हा ठराव जसाच्या तसा मंजूर झाला तर सरकारच्या हातात आपणच एक जादा काठी देऊ, असे आमचे मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

ही कल्पना आपल्या मातीतली नाही, अमेरिकेतली आहे, आणि तिथे तिला कारण आहे. तिकडे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, कायदेमंडळ वेगळे. खर्चाचा कायदा अडला तरी सरकार पडत नाही. सरकार जागच्या जागी राहते आणि कचेऱ्यांना कुलपे लागतात. २०२५ साली १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, हेच झाले. लाखो कर्मचारी पगाराविना राहिले. शेतकऱ्यांना कर्ज आणि मदत देणारी तिथली स्थानिक सरकारी कार्यालये तीन आठवडे बंद होती. पुढे थोडी माणसे बसवून काही उघडली. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत अमेरिकी कृषी खात्याचा ऑक्टोबर महिन्याचा पीक अंदाज निघालाच नाही. हे आपल्याला दूरचे वाटेल, पण त्या अंदाजावर न्यूयॉर्कचा कापूस वायदा हलतो, आणि वायदा हलला की आपल्या जिनिंगवाल्याच्या तोंडचा भाव बदलतो.

या ४३ दिवसांत खासदारांचा पगार मात्र चालू होता. तो त्यांच्या राज्यघटनेने बांधून दिलेला आहे. (एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे : वर्षाला १,७४,००० डॉलरचा तो पगार २००९ पासून २०२५ पर्यंत एका डॉलरनेही वाढला नाही. आपल्याकडचा हिशेब पुढे येतोच.) तेव्हा तिकडच्या मतदारालाही ‘यांचा पगार अडवा’ असे वाटले तर नवल नाही. नुसते वाटून ते थांबले नाहीत, त्यांनी कायदेही केले. त्या कायद्यांचे काय झाले ते पाहू.

न्यूयॉर्क राज्याचा अर्थसंकल्प १ एप्रिलपर्यंत मंजूर व्हावा लागतो. १९८५ पासून तो एकदाही वेळेवर झाला नव्हता. १९९८ मध्ये कायदा आला : अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत आमदारांचा पगार थांबेल. पण त्याच कायद्यात आमदारांचा पगार ५७,५०० डॉलरवरून ७९,५०० वर नेला होता. म्हणजे शिक्षेची चिठ्ठी पगारवाढीच्या पाकिटात घालून आली. काही आमदार न्यायालयात गेले. गव्हर्नर आता आम्हाला उपाशी ठेवून वाकवील, हे त्यांचे म्हणणे. ते हरले, कायदा टिकला. मग अर्थसंकल्प वेळेवर येऊ लागला का? १९९९ ला उशीर. २००० ला उशीर. २००४ पर्यंत दरवर्षी उशीर, आणि २००४ ला तर ऑगस्ट उजाडला. वेळेवर झाला तो २००५ साली. २०२५ मध्ये पुन्हा पाच आठवडे उशीर, ८ मे रोजी मंजुरी. तोवर पगार थांबला होता. मंजुरीनंतर थकबाकीसह मिळाला. याला आपण शिक्षा म्हणत नाही. आपल्याकडे याला उशिराचा चुकारा म्हणतात, आणि तो तर आपण जन्मभर सोसतो आहोत. एकाधिकार खरेदीच्या काळात हप्त्याहप्त्याने पैसे घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

कॅलिफोर्नियाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. २०१० साली तिथला अर्थसंकल्प शंभर दिवस उशिरा झाला. त्याच्या आदल्या वर्षी तर तिजोरीत पैसे नाहीत म्हणून सरकारने देणेकऱ्यांच्या हातात नुसत्या वचनचिठ्ठ्या दिल्या होत्या. वैतागलेल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१० मध्ये थेट मतदान करून नियम केला : १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाचा पगार कायमचा बुडाला. न्यूयॉर्कसारखी नंतर थकबाकी नाही. २०११ च्या जूनमध्ये आमदारांनी १५ तारीख गाठली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दुसऱ्याच दिवशी तो अर्थसंकल्प नाकारला. मग जॉन चियांग या निवडून आलेल्या हिशेबनिसाने जाहीर केले की जमाखर्च जुळत नाही, सबब हा अर्थसंकल्पच नव्हे, आणि पगार थांबवला. दिवसाला सुमारे चारशे डॉलर, बारा दिवस. बाराव्या दिवसापर्यंत अर्थसंकल्प पुन्हा मंजूर झाला. जमाखर्च जुळला कसा? जास्तीचे ४०० कोटी डॉलर उत्पन्न येईल असे गृहीत धरून! पाऊस पडेल, बोंड भरेल आणि भाव मिळेल असे धरून मुलीच्या लग्नाची तारीख काढावी तसे. उत्पन्न तेवढे आले नाही. डिसेंबर २०११ मध्ये सुमारे शंभर कोटी डॉलरची कपात करावी लागली. पुढे न्यायालयांनीही सांगितले की अर्थसंकल्प खरा की खोटा हे ठरवून आमदारांचा पगार अडवण्याचा अधिकार हिशेबनिसाला नाही.

त्यानंतर कॅलिफोर्नियात अर्थसंकल्प वेळेवर होऊ लागले, हे खरे. पण त्याच मतदानात दुसराही एक बदल झाला होता : आधी दोन-तृतीयांश मते लागत, ती साध्या बहुमतावर आली. मूठभरांची अडवणूक संपली. श्रेय कुणाला द्यायचे ते वाचकांनी ठरवावे.

तिसरा दाखला वॉशिंग्टनचा. २०१३ च्या फेब्रुवारीत कायदा झाला की ज्या सभागृहाने १५ एप्रिलपर्यंत अर्थसंकल्पाचा ठराव केला नाही, त्याच्या सदस्यांचा पगार अडकवून ठेवायचा. मार्च सरायच्या आत दोन्ही सभागृहांनी आपापले ठराव केले. चार वर्षे ज्या सेनेटला जमले नव्हते तिलाही जमले. पगार वाचले. पण ते दोन ठराव एकमेकांशी जुळवण्याची सक्ती कायद्यात नव्हती, म्हणून कुणी जुळवले नाहीत. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सरकार १६ दिवस बंद पडले. तुम्ही कागद मागितला, त्यांनी कागद दिला.

कपाशीची पाने लाल पडली की दुकानदार कीटकनाशकाची बाटली काढून देतो. लाल्यात मारायला कीड नसतेच. मॅग्नेशियम कमी, नत्र कमी, ओल तुटलेली, रात्रीची थंडी. बाटलीचे पैसे गेले आणि पान लालच. आपल्या ठरावाचे तेच होणार आहे. कारण भारतातला रोग अमेरिकेतला नाही.

आपल्याकडे अर्थसंकल्प अडतच नाही. लोकसभेत किंवा विधानसभेत सरकारची पैशाची मागणी पडली तर सरकारच जाते, म्हणून सत्ताधारी ती पडू देत नाहीत. मंजुरी तारखेला होते. आपले दुखणे असे की ती न वाचता होते. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एका झटक्यात मताला टाकायच्या, या प्रथेला ते ‘गिलोटिन’ म्हणतात. गिलोटिन हे मान उडवायचे यंत्र. मान कुणाची, हे सांगायला नको.

१४ मार्च २०१८ चा दिवस आठवा. गोंधळ चालू असताना लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या आणि वित्त विधेयक सुमारे अर्ध्या तासात, चर्चेविना मंजूर केले. त्याच वित्त विधेयकात दोन मजेदार गोष्टी होत्या. राजकीय पक्षांनी घेतलेल्या परदेशी देणग्यांचे जुने व्यवहार १९७६ पासून माफ करणारी दुरुस्ती, ही एक. खासदारांचा पगार महिना एक लाख रुपये करून दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढवण्याची तरतूद, ही दुसरी. आणि तीनच आठवड्यांनी, ४ एप्रिलला, सत्ताधारी आघाडीने जाहीर केले की अधिवेशन वाया गेले म्हणून आमचे खासदार २३ दिवसांचा पगार घेणार नाहीत. वर्तमानपत्रांत त्यागाचे मथळे आले. तेवीस दिवस सोडले आणि आयुष्यभराचा निर्देशांक बांधून घेतला. त्या तरतुदीनुसार मार्च २०२५ मध्ये पगार १ लाख २४ हजार झाला, तोही एप्रिल २०२३ पासूनच्या फरकासह. त्या दिवशी कुणाला हातही वर करावा लागला नाही.

शेतकरी भावांनो, कापसाच्या भावाला कोणता निर्देशांक बांधला आहे? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. जाहीर झाला, एवढेच. त्या भावाने माल घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. खासदाराच्या पगाराला आहे.

पगार कापूनही पाहिला आहे. २०२० साली करोनाच्या नावाने खासदारांचा पगार वर्षभरासाठी ३० टक्के कापला. त्याला संसदेने सप्टेंबरात मंजुरी दिली, आणि त्याच आठवड्यात, २० सप्टेंबरला, राज्यसभेत शेतीची विधेयके मतविभागणी नाकारून आवाजी मतदानाने रेटली गेली. ते कायदे बरे की वाईट यावर आपल्यातच दोन मते होती आणि आहेत. तो वाद इथे नको. पण आले तेव्हा मोजून मते घेतली नाहीत, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले तेव्हा चर्चा केली नाही. पगार तीस टक्के कमी असताना सभागृह तीस टक्के जास्त शहाणे झाल्याचे आम्हाला तरी दिसले नाही.

आता काठीचा मुद्दा. पगार अडवला तर दुखेल कुणाला? ज्याची साखर कारखानदारी आहे, इंजिनियरिंग कॉलेज आहे, शहरात प्लॉट आहेत, त्याला हा पगार पेट्रोलखर्चालाही पुरत नाही. दुखेल त्या एखाद्या दुसऱ्या आमदाराला, जो खरोखर पगारावर घर चालवतो. म्हणजे सभागृहात जो आपल्यातला आहे, तोच आधी वाकणार. त्याच्या मानेवर १९८५ पासून पक्षांतरबंदीचे जू आहेच. एखाद्या खात्याची मागणी कमी करून एक रुपया करावी, अशी कपात सूचना आणण्याचा सदस्याला हक्क आहे; धोरण नापसंत असल्याचे सांगण्याची ती रीत आहे. पण पक्षाचा आदेश मोडून तिच्या बाजूने मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यावर आता पगारही जाईल असे आपणच म्हणायचे? मग कृषी खात्याची मागणी अडवून धरण्याची छाती कोण करील? अडवणे हे तर सभागृहाचे काम आहे. आपल्याला ते जास्त हवे आहे, कमी नव्हे.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत १२० तास चर्चा ठरली होती; झाली ३७ तास. ते अधिवेशन चालू असतानाच, १८ ऑगस्टला, अर्थखात्याने एक अधिसूचना काढून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस बाजारात येण्याचा नेमका हंगाम. यासाठी सभागृहाची आधी संमती लागत नाही. आणि इकडे मुंबईत मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर करून, ३० जून २०२५ ला ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. तीन महिन्यांत! ज्या शेतकऱ्याला पेरणीनंतर तीन महिन्यांत एवढी पुरवणी लागते, त्याला बँक दारात उभी करणार नाही.

तेव्हा ठरावातील पगार बंद करण्याचे कलम काढून टाकावे आणि त्या जागी असे घालावे, अशी आमची दुरुस्ती आहे. कृषी, सहकार आणि पाटबंधारे या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मताला टाकू नयेत. दिवस कमी पडले तर अधिवेशन वाढवावे. अशा मागण्यांवर नावानिशी मतदान घ्यावे, म्हणजे गावात आल्यावर कोण कुठे उभा होता हे कळेल. पेरणीपासून कापूस विकला जाईपर्यंत आयात शुल्कात बदल करायचा तर आधी लोकसभेची संमती घ्यावी.

पगाराबद्दलही एक कलम हवे, कारण तो राग वाया जाऊ नये. ते अमेरिकेकडूनच घ्यावे. तिथे १७८९ साली सुचवलेली घटनादुरुस्ती दोनशे वर्षे रेंगाळून १९९२ मध्ये लागू झाली : सदस्यांनी केलेली पगारवाढ मधली निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. वाढ ठरवणारा आधी मतदाराच्या दारात येतो. आपल्याकडे २०१६ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाने आमदारांचा पगार दुपटीहून जास्त वाढवला, तो चर्चेविना, सर्व पक्षांच्या एकमताने. हे कलम असते तर ते एकमत २०१९ च्या प्रचारसभांत मांडावे लागले असते.

दुरुस्तीचा हा मजकूर तालुका शाखांनी जिल्हा बैठकीपूर्वी वाचून घ्यावा. मूळ ठराव मांडणाऱ्यांनी आमचे म्हणणे खोडून काढावे, त्यांना पुरता वेळ मिळेल. आणि बैठकीला येण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या आमदाराला एकच प्रश्न लेखी विचारावा : मागच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कृषी खात्याच्या मागण्या मंजूर झाल्या तेव्हा तुम्ही सभागृहात होता काय, आणि काय बोललात? उत्तर आले तर ते, न आले तर तसे, बैठकीत वाचून दाखवावे.