गाईडच्या आधी ‘गुलामगिरी’

परीक्षा जवळ आली की अप्पा बळवंत चौकात कॉलेजच्या पोरांची गर्दी उसळते. विषय सांगायचा, गाईड घ्यायचं, महत्त्वाच्या प्रश्नांवर खुणा करायच्या. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध? त्याची कारणं ठरलेली: कर, बोस्टन टी पार्टी, १७७६ चा जाहीरनामा. सहा मुद्दे पाठ केले, पेपरात उतरवले, विषय संपला!

याच बुधवार पेठेत, चौकापासून थोडं चाललं की भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते चक्क अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. का? तर त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही इच्छाही त्यात आहे.

माझं म्हणणं एवढंच, की पुण्यातल्या वर्गात अमेरिकेचा इतिहास या एका पानापासून सुरू करा. प्रश्न आपोआप पडतील. मराठी पुस्तकाची अर्पणपत्रिका इंग्रजीत का? ती कुणी वाचावी असं त्यांना वाटत होतं? आणि ज्यांचं कौतुक चाललंय, त्यांनी नेमकं काय केलं होतं?

मग मूळ कागद उघडा. ‘लिंकनने १८६३ मध्ये गुलामगिरी संपवली’ हे वाक्य आपल्याला पाठ असतं. त्याचा जाहीरनामा वाचला तर कळतं, की तो फक्त बंडखोर भागांपुरता होता. केंटकी, मेरीलँड ही राज्यं बंडात नव्हती, म्हणून तिथले गुलाम त्यातून सुटलेच नाहीत. देशभर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. आणखी मागे जा. १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्दच सापडत नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना त्यांना तीन-पंचमांश मोजलंय. समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका केली होती. काँग्रेसने ती काढून टाकली. आणि खुद्द जेफरसनकडे गुलाम होते!

यातलं काय तुम्ही मुद्दा क्रमांक तीनमध्ये बसवणार?

मूळ साधन म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही याच पद्धतीत कळतं. फुल्यांचं पानसुद्धा तपासायचंच. ते १८७३ मधली आशा सांगतं. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या फौजा मागे घेतल्या गेल्या आणि काळ्या लोकांना मिळालेले हक्क हळूहळू हिरावले गेले. म्हणून पुढचा कागद १९४६ चा घ्या. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. फुले अमेरिकेचं अभिनंदन करत होते, आंबेडकर तिथल्या तक्रारअर्जाची चौकशी करत होते. मधल्या ७३ वर्षांत काय झालं, हा प्रश्न विचारायला कुठल्याही गाईडची गरज पडत नाही.

प्राध्यापक म्हणतील, वर्गात शंभर मुलं, निम्मी मराठी मीडियमची, त्यात ती जुनी इंग्रजी आणि सिलॅबस संपवायचाय. अडचणी खऱ्याच आहेत. पण अख्खा दस्तऐवज कोण मागतंय? एका लेक्चरला एक परिच्छेद, शेजारी त्याचं मराठी भाषांतर, आणि तीन प्रश्न: कुणी लिहिलं, कुणासाठी, काय वगळलं? पेपरात एक उतारा देऊन त्यावर दहा मार्कांचा प्रश्न ठेवा. मार्क असले की आम्ही वाचतो, हे सरांनाही माहीत आहे!

तोवर आपण थांबायचं कशाला? फुल्यांचं समग्र वाङ्मय कॉलेजच्या लायब्ररीत मागून बघा. अमेरिकन दस्तऐवज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेबसाइटवर फुकट आहेत. गाईड घ्याच, पण त्यातल्या निदान एका वाक्याशेजारी मूळ कागद ठेवून बघा.