कप्पी आणि हमाल

आपल्यातल्या पालकाला शाळेत बोलावतात कशाला? पोरगं वाया गेलं, नाहीतर बाकं हलवायचीत. बहिणीचा पोरगा लोणी काळभोरला सहावीत. ‘साधी यंत्रे’चा तास, हातानं करून बघायचंय, पालकांनी यावं, असा सांगावा आला. गोदीतला एक खाडा करून गेलो.

मास्तर म्हणाले, "तुम्ही जरा ते टेबल आणा." आणलं. मग कप्पी मीच बांधली. एका कप्पीनं वजन घटत नाही, नुसती ओढायची दिशा बदलते. खाली दुसरी हलती कप्पी घाला, निम्म्या जोरात ओझं वर. दोर मात्र दुप्पट ओढायचा. पोरं दोराला झोंबली. कुणाचा हात कुणाला लागला, कुणी बघितलं नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा पोरांनी धावत जाऊन फळ्यामागचे डबे हलवले होते. प्रयोग म्हणजे शिवाशिवच की! ज्यांना शिवायची भीती, त्यांनी घोकंपट्टीला ज्ञान म्हटलं आणि दोर ओढणाऱ्याला अडाणी. १९७६ साली घटनेत वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून घातलं. कर्तव्य काय नुसतं पाठ करायचं? पालकसभेत सही ठोकून परतू नका. कप्पी मागा.

निघताना मास्तर म्हणाले, टेबल जागेवर ठेवा. म्हटलं, दुसरं टोक तुम्ही धरा.

धरलं.