रुग्ण नेणाऱ्या गाडीचे टायर

पाऊस लागायच्या आधी सालेकसा तालुक्यातल्या पिकअपवाल्यांमध्ये एक चर्चा हमखास होते, यंदा टायर कोणते टाकायचे. दुकानदार ‘ऑल टेरेन’ म्हणून खोल खाचांचा, दणकट दिसणारा टायर पुढे करतो. किंमत साध्या टायरहून बरीच जास्त असते. घेणारा नक्षी पाहतो, अंगठा दाबून पाहतो आणि घेऊन टाकतो. हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. पण या तालुक्यात पिकअप नुसते धान वाहत नाही. 108 ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असली, की दरेकसा-धनेगावकडच्या एखाद्या टोल्यावरून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस पिकअपमध्येच निघतो.

राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. तरीही जंगलपट्टीतला पहिला टप्पा, म्हणजे घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा, बऱ्याचदा गावातल्याच गाडीने पार करावा लागतो. पुढे ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून गरज पडली तर आमगावमार्गे गोंदिया, चाळीसेक किलोमीटर. प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झालेली बाई उपचाराविना दोन तासांत दगावू शकते. मण्यार रात्री झोपेत चावते, दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही, आणि काही तासांत पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. अशा वेळी जंगलात टायर फुटला, स्टेपनीतही हवा नाही, असे झाले तर पुढच्या रुग्णालयात कितीही चांगला डॉक्टर बसलेला असून उपयोग नाही.

म्हणून टायर निवडताना नक्षीच्या आधी आकडे वाचावेत. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक संख्या आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ 215/75 आर 15 100 एस. यातले 100 म्हणजे भार निर्देशांक. 100 म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 800 किलो, 106 म्हणजे 950 किलो, 112 म्हणजे 1120 किलो. एकाच मापाचे दोन टायर वेगवेगळ्या निर्देशांकाचे असू शकतात, आणि गफलत इथेच होते. बाजारातले बरेच ‘ऑल टेरेन’ टायर एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. ते दिसायला रांगडे, पण भार पेलायची ताकद कंपनीने पिकअपला दिलेल्या मूळ टायरपेक्षा कमी असू शकते. समजा रिकामी गाडी 1700 किलोची आहे आणि तीत धानाचे 40 किलोचे पन्नास कट्टे टाकले. एकूण 3700 किलो झाले. 100 निर्देशांकाचे चार टायर मिळून 3200 किलो पेलतात, आणि मालाचे ओझे तर चारांवर सारखे पडतही नाही, मागच्या दोघांवर जास्त पडते. असा टायर दिवसभर गिरणीच्या खेपा मारून आतून खचलेला असतो. तीच गाडी रात्री रुग्ण घेऊन निघते.

खचण्याचे कारण उष्णता. भार जास्त किंवा हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात. मे महिन्यात इकडे पारा 45 अंशांच्या जवळ असतो, डांबर त्याहून तापलेले. त्यात वेग आला की टायर फुटायला दगडही लागत नाही. काही चालक उन्हात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवतात. हा समज नेमका उलटा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले तर भरलेल्या टायरचा दाब साधारण दोन पीएसआयने वाढतो, आणि तेवढी वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. दुपारी गरम टायरमधून हवा सोडणे म्हणजे संध्याकाळी कमी हवेवर गाडी चालवणे.

मग ‘ऑल टेरेन’ घ्यावा की नाही? ज्याची गाडी रोज पांदणीतून, नाल्याच्या रपट्यावरून, मुरूम-गिट्टीच्या रस्त्याने जाते त्याने घ्यावा, पण मालवाहू वर्गातला आणि मूळ टायरइतक्या किंवा जास्त निर्देशांकाचा. त्याचा खरा फायदा चिखलापेक्षा बाजूच्या मजबुतीत आहे. जंगलातल्या वाटेवर तोडलेल्या बांबूचे खुंट असतात. ते तळव्यात घुसले तर पंक्चरवाला दुरुस्त करतो, बाजूत घुसले तर टायर गेलाच. कन्हार जमिनीचा काळा चिखल मात्र इतका चिकट, की ऑल टेरेनच्या खाचाही थोड्या अंतरात भरून जातात. त्याहून मोठ्या खाचांचा निव्वळ चिखलाचा टायर ओल्या डांबरावर धोक्याचा, कारण रस्त्याला टेकणारे रबर कमी आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते. ज्याचे बहुतेक धावणे आमगाव-गोंदियाच्या डांबरी रस्त्यावर आहे, त्याला चांगल्या साध्या टायरचे पूर्ण चार नग पुरतात. दोन नवे ऑल टेरेन मागे आणि दोन गोटा झालेले पुढे, ही तालुक्यात सर्रास दिसणारी जोडणी तर कुणीच करू नये. पुढची चाके वळवतात, आणि थांबवण्यातही मोठा वाटा त्यांचाच. एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल, हेही तसेच.

रुग्णाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. माणसाचे धड सेकंदाला 4 ते 8 वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक प्रतिसाद देते, आणि खराब रस्त्यावरच्या गाडीतले बरेच हादरे याच टप्प्यात येतात. चालकांची कंबर त्यानेच जाते. मांडीचे हाड मोडले असेल तर आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त साठू शकते, आणि प्रत्येक धक्क्याने हाडाची टोके हलून ते वाढते. पिकअपच्या मागच्या कमानी भारासाठी कडक असतात. त्यावर मालासाठी ठासून भरलेली हवा असली की रिकाम्या गाडीतला रुग्ण उडत उडत जातो. दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठीचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. रुग्ण न्यायचा असेल तर रिकाम्या गाडीचा दाब ठेवावा. मोडलेला पाय फळीला बांधून, खाली गादी टाकून, वेग कमी ठेवावा. साप चावलेल्यासाठी घाई करावी, पण त्या घाईपायी गाडी उलटवू नये.

सरकारी रुग्णवाहिकांबाबतही एक सूचना करावीशी वाटते. सरकारी वाहनांचे टायर बदलताना बहुधा धावलेले किलोमीटर पाहिले जातात. पण टायर उभ्या उभ्याही म्हातारा होतो. त्याच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षे झाली की दरवर्षी तपासणी हवी, आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर वापरू नये, असे उत्पादकच सांगतात. नियमाने चारचाकीच्या टायरची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. जंगलपट्टीतल्या रुग्णवाहिकेसाठी ही मर्यादा फारच खालची आहे, पावसाळ्यापूर्वीच 3 मिलिमीटरला टायर बदलायला हवा. औषधाच्या बाटलीवरची मुदत रोज तपासणाऱ्या आरोग्य खात्याला स्टेपनीवरचे चार आकडे वाचणे जड जाऊ नये. स्टेपनी, जॅक आणि पाना यांची नोंद प्राणवायूच्या सिलिंडरइतक्याच नियमाने, दर पाळीला व्हावी. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गाड्या येतात, त्याआधीच्या आठवड्यात तर नक्कीच.

काढलेल्या टायरचे काय होते, हेही पाहायला हवे. तो अंगणात, छपरावर, नाहीतर पंक्चरच्या दुकानामागे पडतो, त्यात पाणी साचते आणि डेंग्यूचा एडिस डास त्यात अंडी घालतो. पाणी आटले तरी ही अंडी काही महिने टिकतात आणि पुढच्या सरीला फुटतात. वापरलेल्या टायरच्या व्यापारातूनच एडिसची एक जात आशियातून अमेरिकेत पोचली आणि 1985 मध्ये टेक्सासमध्ये तिचे बस्तान आढळले. छपरावर टायर ठेवायचाच असेल तर त्याला चार भोके पाडावीत, म्हणजे पाणी थांबणार नाही.