विश्लेषण : साप खरंच माणसाळतो का? पाळण्याची हौस, हाताळणीचे शास्त्र आणि कायदा

पावसाळा सुरू झाला, की अकोल्यातील जठारपेठेसारख्या भरवस्तीतही साप निघतात. जुन्या घराचा पोकळ झालेला पाया, दुकानामागची अडगळ, उघडी नाली आणि धान्याच्या पोत्यांमागे लागलेले उंदीर, एवढे त्यांना पुरते. सर्पमित्राला फोन जातो. तो येतो, साप हातात घेतो, भोवती गर्दी जमते आणि मोबाइल बाहेर निघतात. त्याच मोबाइलवर परदेशातील घरांमध्ये गळ्यात अजगर घालून टीव्ही बघणाऱ्या मुलांच्या चित्रफितीही दिसतात. दोन्ही दृश्यांतून एकच समज पक्का होतो : सवय लावली, की साप माणसावर विश्वास ठेवू लागतो. हा समज कितपत खरा आहे, भारतात साप पाळणे कायद्यात बसते का आणि जंगली साप हातात धरणाऱ्यांना तो का महागात पडतो, हे समजून घ्यायला हवे.

साप माणसाला ओळखतो का?

साप अगदीच मठ्ठ प्राणी आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात १९९९ मध्ये कॉर्न स्नेक जातीच्या सापांवर प्रयोग झाले. गोल टाकीतून लपण्याचे बीळ शोधायला हे साप शिकले आणि सरावाने ते लवकर तिथे पोहोचू लागले. कॅनडातील संशोधकांनी २०२० मध्ये गार्टर सापांच्या बाबतीत दाखवले, की ते विशिष्ट सोबत्यांजवळ राहणे पसंत करतात. म्हणजे शिकणे आणि लक्षात ठेवणे सापाला जमते.

पण शिकणे वेगळे आणि माया वेगळी. कुत्र्याने हजारो वर्षे माणसासोबत काढली आहेत. पाळीव सापांची पैदास मात्र गेल्या काही दशकांतली आहे, आणि तीही मुख्यतः रंग आणि नक्षीसाठी झाली. साप वारंवार हाताळला गेला, त्यातून इजा झाली नाही, तर माणसाचा हात धोकादायक नाही एवढे तो शिकतो. जीभ बाहेर काढून तो हवेतले गंधकण टाळूतील इंद्रियापर्यंत नेतो आणि नेहमीचा वास त्याला परका वाटेनासा होतो. पाळणारे यालाच विश्वास म्हणतात. ‘सरावणे’ हा शब्द जास्त नेमका आहे. भुकेच्या वेळी हाताला उंदराचा वास आला किंवा अचानक सावली पडली, की हा सराव एका क्षणात मोडू शकतो.

घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. बॉल पायथन हा आफ्रिकी अजगर घाबरला, की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. त्याचे नावच त्यावरून पडले. नवख्या माणसाला तो हातात शांत बसलेला वाटतो, प्रत्यक्षात तो भेदरलेला असतो. निवांत साप हातावर सैलपणे, संथ गतीने सरकतो आणि जीभ अधूनमधून लपलपवतो. अंग ताठ झाले, मान वळसा घेऊन मागे गेली, फुत्कार सुरू झाले किंवा सापाने दुर्गंधीयुक्त स्राव सोडला, तर त्याला खाली ठेवण्याची वेळ झालेली असते.

हाताळणीचे नियम काय सांगतात?

जिथे पाळीव साप कायदेशीर आहेत, त्या देशांतील अनुभवी पाळणाऱ्यांचे नियम ऐकले, तर गंमत वाटते. त्यातले बहुतेक नियम सापाला कधी हात लावू नये, याविषयीच आहेत. नवा साप घरी आणला, की किमान आठवडाभर त्याला सोडून द्यायचे आणि तो नीट खायला लागेपर्यंत हाताळायचे नाही. खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर तो गिळलेले ओकून टाकतो. कात टाकण्याच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. ते दिवसही सुट्टीचे.

उचलताना वरून झडप घालायची नाही. सापावर वरून येणारी गोष्ट म्हणजे घार किंवा घुबड. बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने मागच्या भागाला आधार द्यायचा. डोके धरायचे नाही. अनेक जण पेटी उघडल्यावर आधी बोथट आकड्याने सापाच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात. ‘आता अन्न नाही, हात येणार आहे’ हा फरक सापाला कळावा म्हणून. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेत, तेही आठवड्यातून एक-दोनदा. मोठ्या अजगराजवळ एकट्याने जायचे नाही आणि तो गळ्यात तर कधीच घालायचा नाही. जीव गुदमरण्याच्या घटनांमध्ये साप बिनविषारी असणे काही कामाचे नसते.

हाताळणीनंतर साबणाने हात धुणे ही औपचारिकता नाही. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

वऱ्हाडात एक अडचण वेगळीच आहे. परदेशी पुस्तकांतला सगळा भर सापाला ऊब कशी द्यावी यावर असतो. बॉल पायथनच्या पेटीत उबदार कोपरा सुमारे ३२ अंश आणि थंड कोपरा २५-२६ अंश लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणजे इथे प्रश्न पेटी थंड ठेवण्याचा येतो. दुपारी दोन तास वीज गेली, तर बंद काचेच्या पेटीत साप शिजून निघेल. सापाचा विश्वास कमावण्याच्या गप्पा त्यानंतरच्या.

भारतात साप पाळता येतो का?

देशी साप पाळता येत नाही, एकही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे आणि ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने बांधल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नाग, घोणस, अजगर आणि शेतकऱ्याची मैत्रीण म्हणवली जाणारी धामण हे आता पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘आम्ही फक्त दोन दिवस बरणीत ठेवला होता’ हा बचाव होऊ शकत नाही. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी मांडूळ घरात दडवणाऱ्यांनाही हेच लागू.

विदेशी सापांची गोष्ट वेगळी. बॉल पायथनसारख्या जाती वन्यजीव व्यापाराच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात असल्यामुळे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. त्या बाळगणाऱ्यांनी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. नवा प्राणी आल्यास ३० दिवसांत कळवायचे, त्याची पिले, मृत्यू, हस्तांतरण हेही नोंदवायचे. परिशिष्टात नसलेल्या कॉर्न स्नेकला ही नोंदणी नाही, पण आयातीच्या परवानग्या त्यालाही लागतात.

कागदावर ही चौकट स्वच्छ आहे. बाजार मात्र तसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. २०२५ च्या मे महिन्याअखेर थायलंडहून आलेल्या एका भारतीय प्रवाशाच्या सामानातून ४७ विषारी साप निघाले. त्यात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर होते. ही दुसरी घटना जास्त काळजीची आहे. भारतात मिळणारे सर्पदंशाचे बहुसंयुजी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषावर तयार केलेले असते. हौसेने आणलेला परदेशी व्हायपर चावला, तर त्यासाठी बनवलेले औषध सरकारी दवाखान्यातच काय, मुंबईच्या बड्या रुग्णालयातही हाताशी नसेल.

सर्पमित्रांचे काय?

महाराष्ट्रात साप हाताळण्याचा खरा प्रश्न पाळीव सापांचा नाही, सर्पमित्रांचा आहे. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. साप अंगावर आले तर ते न हलता राहत किंवा हळुवारपणे त्यांना बाजूला करत. या विक्रमाने सापांविषयीची भीती कमी केली, हे मान्य. पण पुढच्या पिढ्यांनी त्यातून उलटा धडा घेतला. शांत राहण्याचा भाग विसरला गेला आणि साप हातात धरण्याचा तेवढा उरला.

नुकताच पकडलेला जंगली साप कोणाचाही मित्र नसतो, सरावलेला तर नसतोच. तो शत्रूच्या तावडीत सापडलेला असतो. त्याचे चुंबन घेणे, फणा काढलेल्या नागासमोर सेल्फी घेणे किंवा लहान मुलांच्या हातात धामण देणे यात सर्पमैत्री कुठली? शेकडो नाग पकडलेल्या माणसालाही पुढचा नाग ओळखत नाही. केरळमधील प्रसिद्ध सर्पमित्र वावा सुरेश यांना जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायम जिल्ह्यात नाग पोत्यात भरताना दंश झाला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. ते वाचले. केरळच्या वन विभागाने २०२० पासूनच प्रशिक्षण घेतलेल्या प्रमाणित बचावकर्त्यांची आणि ‘सर्पा’ नावाच्या मोबाइल ॲपची व्यवस्था उभी केली होती. आकडा, नळी आणि पिशवी वापरून, सापाला कमीत कमी हात लावून पकडण्यावर त्यात भर आहे.

महाराष्ट्रात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै २०२५ मध्ये सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र, दहा लाखांचा अपघात विमा आणि अत्यावश्यक सेवेचा दर्जा देण्याबाबत पुढाकार घेतल्याचे सांगितले. मागणी रास्त आहे. हे लोक रात्री-अपरात्री स्वतःचे पेट्रोल जाळून येतात. पण विमा अपघातानंतर कामी येतो. ओळखपत्रासोबत प्रशिक्षणाची आणि साधनांची सक्ती, आणि प्रदर्शन करणाऱ्याचे ओळखपत्र रद्द करण्याची तरतूद नसेल, तर सरकारी शिक्का मिळालेली स्टंटबाजी तेवढी वाढेल.

घरात साप निघालाच तर?

त्याच्याशी नाते जोडायला जाऊ नये आणि काठीही उचलू नये. मुलांना, जनावरांना बाजूला करून दुरून नजर ठेवावी, वन विभागाला किंवा त्यांच्या संपर्कातील सर्पमित्राला कळवावे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले होते. केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

दंश झाला, तर जखम कापू नये, तोंडाने विष चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. अकोल्यात त्यासाठी सर्वोपचार रुग्णालय आहे. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फारशी होत नाही आणि दातांच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. त्यामुळे जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी किंवा पापण्या जड होण्याचा त्रास सुरू झाला, तर साप दिसला नसला तरी डॉक्टरांना सर्पदंशाची शक्यता सांगावी. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. उपचार लक्षणांवरून ठरतात आणि मेलेल्या सापाचे तोंडही काही वेळ चावू शकते.