निवासमंडपाचे धनी कोण?

जांब समर्थ हें जालना जिल्ह्यांतील गांव समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. तेथील राममंदिरांतील प्राचीन पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्यें चोरीस गेल्या. पुढें पोलिसांनीं चोरांचा माग काढला व मूर्ती हातीं लागल्या, ही हकीकत वर्तमानपत्रांतून वाचकांच्या नजरेखालून गेलीच असेल. मूर्ति गेली तरी तिनें सुचविलेलें तत्त्व शिल्लकच आहे, मग शोक कशाचा, असें वेदांती समाधान त्या दिवसांत कोणी जांबच्या पारावर सांगितलें असतें, तर त्याचें स्वागत कसें झालें असतें हें सांगावयास नको. ज्या वस्तूपुढें पिढ्यान्‌पिढ्या दिवा लागला, ती वस्तु तत्त्वाची नुसती खूण राहत नाहीं.

त्यानंतर कांहीं काळानें जालन्यास एका स्नेह्यांच्या घरीं मला एक ख्रिस्ती प्रवचन ऐकण्याचा योग आला. जालन्यास असा योग येणें नवलाचें नाहीं. १८४३ सालीं ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्रि यांनीं पुढें ह्याच शहराजवळ ‘बेथेल’ नांवाची वसाहत स्थापिली. बेथेल म्हणजे देवाचें घर. प्रवचनाचा विषयहि देवाच्या घराचाच होता: मोशेच्या निवासमंडपांतील उपकरणें. भिंतीवर मोठा रंगीत तक्ता टांगलेला होता, आणि व्यासंगी व सज्जन असे वक्ते छडीनें एकेक वस्तु दाखवून तिचें रहस्य उलगडीत होते.

त्या मंडपाची मांडणी थोडक्यांत सांगतों. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांस रानांतून फिरतांना बरोबर नेतां यावें असें हें तंबूचें देवालय. त्याचें वर्णन ‘निर्गम’ ग्रंथांत आहे. शंभर हात लांब व पन्नास हात रुंद असें अंगण, त्यांत पितळेनें मढविलेली होमवेदी व हातपाय धुण्याचें गंगाळ, आंत पवित्र स्थानांत बारा भाकरींचें मेज, सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष व धूपवेदी, मग अंतरपट, आणि त्यापलीकडे परमपवित्र स्थानांत बाभळीच्या लांकडाचा, सोन्यानें मढविलेला कराराचा कोश व त्यावर दयासन. वक्त्यांच्या मतें ह्यांतील प्रत्येक वस्तु ख्रिस्ताची छाया होती. भाकर म्हणजे ख्रिस्त, कारण तो जीवनाची भाकर. दीपवृक्ष म्हणजे ख्रिस्त, कारण तो जगाचा प्रकाश. बाभळीचें लांकूड म्हणजे त्याचें मनुष्यत्व, वरचें सोनें म्हणजे त्याचें ईश्वरत्व. अंतरपट म्हणजे त्याचा देह. येथवर माझी तक्रार नव्हती. परंतु शेवटीं त्यांनीं निष्कर्ष काढिला, कीं यहुद्यांजवळ पेटी होती पण किल्ली नव्हती. ज्या वस्तूंची त्यांनीं एवढी निगा राखिली, त्यांचा अर्थ त्यांस कधीं कळलाच नाहीं. माझा वाद ह्या निष्कर्षाशीं आहे.

भक्ताला आपल्या इष्टदेवतेचें रूप सर्वत्र दिसावें ह्यांत गैर कांहीं नाहीं. मंडपास छाया मानण्याचा विचार खुद्द नव्या करारांत, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत, आलेला आहे. आपल्या मराठींतहि ती दृष्टि जुनीच आहे. समर्थ आठ वर्षांचे असतांना, १६१६ सालीं, गोमंतकांत रायतूर येथें फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण छापलें गेलें. त्याच्या पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा ख्रिस्तागमनाची पूर्वपीठिका म्हणूनच सांगितली आहे, आणि तें काव्य मराठीचें भूषण आहे. तेव्हां ख्रिस्ती मनुष्यानें मंडपांत ख्रिस्त पाहूं नये असें माझें म्हणणें नाहीं. प्रश्न एवढाच, कीं जो अर्थ पाहणाऱ्याच्या श्रद्धेंत आहे, तो वस्तूच्या मूळ धन्यावर दोषारोप करण्यासाठीं वापरतां येतो काय?

प्रथम मूळ ग्रंथच पहावा. बाभूळ कां, ह्याचें उत्तर मराठवाड्याच्या शेतकऱ्यास विचारावें. रुक्ष प्रदेशांत जें टणक व टिकाऊ लांकूड मिळतें, त्याचेंच माणूस आऊत करतो आणि त्याचाच देव्हारा. सिनायच्या रानांत बाभळीच्या जातीचेंच झाड उगवतें. कोशाला कड्या व दांडे कां, तर तो खांद्यावरून वाहून न्यावयाचा होता. ते दांडे कधीं काढूं नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. ह्या साध्या कारणांनीं त्या वस्तूंचें पावित्र्य उणावत नाहीं. उलट, आपल्या देवाला बरोबर घेऊन चालणाऱ्या एका निर्वासित समाजाचें मन त्यांतून दिसतें, आणि छायेच्या घाईंत नेमकें तेंच झांकलें जातें.

दुसरें, ज्या पत्राचा आधार घेतला जातो त्याचा कर्ता ह्या प्रवचनकारांपेक्षां पुष्कळ संयमी आहे. नवव्या अध्यायांत उपकरणांची यादी देऊन तो म्हणतो, कीं ह्यांविषयीं आतां एकेक करून सांगतां येत नाहीं. मूळ लेखकानें जें सोडून दिलें, तें पुढच्यांनीं छडी घेऊन कडी-कोयंड्यासकट सांगितलें!

तिसरें, सात दिव्यांचा अर्थ एकच असता तर सर्वांस एकच सांपडला असता. पहिल्या शतकांतील यहुदी पंडित फायलो व इतिहासकार जोसीफस ह्या दोघांसहि मंडपांत प्रतीकें दिसलीं. पण त्यांस सात दिवे म्हणजे सात ग्रह वाटले आणि पडद्याचे चार रंग म्हणजे चार महाभूतें. जोसीफसला बारा भाकरींत बारा महिने दिसले. उलटपक्षीं, बाराव्या शतकांतील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीस ह्यानें मेज व भाकर ह्यांचें कारण आपणांस माहीत नाहीं असें सरळ लिहून ठेविलें. ज्या समाजानें इतका विचार केला, त्याला अर्थ सुचलाच नाहीं असें म्हणणें हें अज्ञानाचें लक्षण आहे. मात्र अज्ञान कोणाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

चौथी गोष्ट आपल्या भाषेची. वक्त्यांनीं ‘दयासन’ शब्दावर बराच भर दिला: पाहा, न्यायाच्या आज्ञापटांवर दयेचें आसन! परंतु मूळ हिब्रू शब्द ‘कप्पोरेथ’ ह्यांत दया नाहीं आणि आसनहि नाहीं; त्याचा संबंध झांकण व प्रायश्चित्त ह्या कल्पनांशीं आहे. आसन बसविलें जर्मनींत ल्यूथरनें, त्याच्यामागून इंग्रजींत १५३० सालीं टिंडेलनें, आणि आपल्याकडे तें भाषांतराच्या वाटेनें आलें. अनुवादकांनीं आपल्या श्रद्धेनें घातलेला शब्द मूळ ग्रंथाची साक्ष म्हणून उभा करणें हा न्याय नव्हे.

ही पद्धति किती सोपी आहे हें पहावयाचें असेल तर वाचकांनीं घरची समई समोर ठेवावी. पांच वाती म्हणजे ख्रिस्ताच्या पांच जखमा, पितळ म्हणजे न्याय, तेल म्हणजे पवित्र आत्मा. झालें, आपल्या आजीबाई नकळत ख्रिस्ती ठरल्या! कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलघाणा चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. दीपवृक्षास तेल लागे, तस्मात् हे त्याचेच सेवक, असेंहि उद्यां कोणी सिद्ध करील. जी किल्ली प्रत्येक कुलुपास लागते, ती कोणत्याच कुलुपाची नसते.

ह्या शनवार तेल्यांचा इतिहास मात्र गंभीरपणें घेण्याजोगा आहे. १८३२ मध्यें जॉन विल्सन ह्यांनीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें. मिशनरी शाळांतून बेने इस्राएल मुलें शिकलीं. त्यांनीं विद्या घेतली, उपकार मानले, आणि अगदीं थोडे अपवाद वगळतां धर्म आपलाच ठेविला. त्यापूर्वींच, १७९६ सालीं, सामुएल दिवेकर ह्यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें होतें. पुण्याच्या लाल देवळाचें खरें नांव ‘ओहेल दावीद’, म्हणजे दाविदाचा तंबू. अशा मंदिरांत आजहि कोशाची जागा धर्मग्रंथाच्या कपाटानें घेतली आहे, त्यापुढें पडदा आहे, आणि दिवा तेवत असतो. ज्यास छाया म्हणून निकालांत काढिलें, तें आपल्या शेजारच्या पेठेंत जिवंत आहे!

कोणी म्हणेल, आपल्यांतील लोकहि हेंच करतात. वेदांत विमानें काढतात, दुसऱ्यांचे संत आपल्या अवतारांत जमा करतात. होय, करतात, आणि तेहि तितकेच चुकतात. ‘तुमचा देव म्हणजे आमच्याच देवाचें अपुरें रूप’ ह्या वाक्यांत औदार्याचा आव असतो, पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्याची मालकी त्यांत हळूच बदललेली असते.

रोमन सैन्यानें इ. स. ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर लुटलें; तेथला दीपवृक्ष व मेज मिरवीत नेल्याचें शिल्प रोम येथें टायटसच्या कमानीवर आजहि दिसतें. त्या वस्तू यहुद्यांस परत मिळाल्या नाहींत. त्यांच्याजवळ उरला तो त्यांचा ग्रंथ व त्याचा त्यांनीं जपलेला अर्थ. तोहि ‘तुम्हांस कळला नाहीं’ असें सांगून काढून घ्यावयाचा, तर त्या लुटींत राहिलेली कसर आपण भरून काढली असेंच म्हणावें लागेल. जांबच्या मूर्तींसाठीं जो न्याय आपण मागितला, तोच दुसऱ्यांच्या दीपवृक्षासहि द्यावा. ख्रिस्ती बांधवांनीं त्या दिव्यांच्या उजेडांत आपला प्रभु अवश्य पहावा; दिवा कोणी लावला व कां लावला, हें मात्र ज्यांनीं लावला त्यांस आधीं विचारावें.